अर्धी शाळा आणि पुरा भुर्दंड

(शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



कोरोनाची साथ ओसरली, तोंडावरच्या पट्ट्या निघाल्या, आणि त्या दिवसांत आपल्या मुलांच्या शिक्षणाचें काय झालें हें लोक विसरत चालले. शाळा बंद होत्या तेव्हांचें नुकसान पुष्कळांनीं सांगितलें आहे. परंतु शाळा अर्ध्या उघडल्या तेव्हां आपल्या घरांत काय झालें, हें फारसें कोणी बोलत नाहीं. एक दिवसाआड वर्ग, दिवसाला तीन-चार तास, बाकावर एकच मूल, आणि दार पुन्हां केव्हां लागेल त्याचा नेम नाहीं, अशी ती शाळा होती. शाळा अर्धी मिळाली, पण तिचा भुर्दंड आपण पुरा भरला. तो कोणी व कसा भरला, आणि पुन्हां तशी वेळ आली तर तो आपल्याच माथीं येऊं नये म्हणून काय केलें पाहिजे, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम हकीकत क्रमानें सांगतों, कारण तारखा विसरल्या म्हणजे हिशेब मागतां येत नाहीं. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास शासनानें परवानगी दिली. पांचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून उघडूं लागले. ते जेमतेम रुळतात तोंच रोगानें पुन्हां उचल खाल्ली आणि दारें लागलीं. जुलै २०२१ मध्यें असें ठरलें कीं, ज्या गांवांत महिनाभर एकही रोगी आढळला नाहीं तेथें आठवी ते बारावीचे वर्ग भरावेत, आणि तें सरपंचाच्या समितीनें ठरवावें. ४ ऑक्टोबर २०२१ पासून खेड्यांत पांचवीपासून व शहरांत आठवीपासून पुढचे वर्ग सुरू झाले. खेड्यांतल्या पहिली ते चौथीच्या मुलांना परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ ला. जानेवारी २०२२ मध्यें पुन्हां बहुतेक वर्ग बंद. आणि २४ जानेवारीपासून, जेथें स्थानिक अधिकाऱ्यांनीं होकार दिला तेथें, पुन्हां सुरू.

आतां बोटांवर मोजा. जें मूल जून २०२० मध्यें पहिलींत घातलें, त्याची सबंध पहिली गेली आणि दुसरीचें निम्में वर्ष गेलें, तरी हुकुमाप्रमाणें त्यानें वर्गांत पाऊल टाकलें नव्हतें. एप्रिल २०२१ मध्यें पहिली ते आठवीचीं सर्व मुलें परीक्षेवांचून वरच्या वर्गांत घातलीं. दहावीची परीक्षा त्या वर्षीं झालीच नाहीं, आणि निकाल लागला ९९.९५ टक्के! कागदावर मुलें पायऱ्या चढत गेलीं. अक्षर मात्र पहिल्या पायरीवरच राहिलें. 'असर' या नांवाची पाहणी खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना वाचावयास लावते. २०१८ सालीं देशांतल्या खेड्यांत तिसरीच्या शंभर मुलांपैकीं २७.३ मुलांना दुसरीचा धडा वाचतां येत होता. २०२२ सालीं हा आकडा २०.५ वर आला. आधींच थोडें होतें, त्यांतलेंही गेलें.

हें सर्व रोगानें झालें, असें म्हणून हात झाडतां येतील. परंतु मी म्हणतों तें निराळें आहे. शाळा अर्धी उघडली, तेव्हां उरलेली अर्धी शाळा कोठें गेली? ती आपल्या घरांवर टाकली गेली. ज्या घरांत बाप शिकलेला, आई शिकलेली, दोन फोन, एक खोली मोकळी, त्या घरानें ती भरून काढली. ज्या घरांत आई उजाडतां निंदणीला जाते आणि बाप भात्यापुढें, चाकापुढें नाहींतर मागापुढें बसतो, त्या घरानें ती कशी भरून काढावी? हुकूम सर्वांना सारखा होता, पण त्याचें ओझें सारखें नव्हतें.

एक-एक बाब घेऊन पाहा. घरांत दोन मुलें आहेत असें धरा. मोठ्याची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार. धाकटीची मंगळवार, गुरुवार, शनिवार. म्हणजे आठवड्याचे सहाही दिवस एक मूल घरीं. शाळा उघडली खरी, पण आईचा एक दिवससुद्धां मोकळा झाला नाहीं. तिनें मजुरी बुडवावी, नाहींतर मूल बांधावर घेऊन जावें. बांधावर गेलेलें मूल चार दिवस खेळतें, पांचव्या दिवशीं त्याच्या हातीं खुरपें येतें, आणि महिन्यानें शाळेची पाळी आली तरी तें जावयास तयार नसतें. पाळ्या लावतांना एका घरचीं मुलें एकाच दिवशीं बोलवावीं, एवढी साधी गोष्ट ज्यांनीं केली त्या मास्तरांचे उपकार मानावेत. पण हुकुमांत ती लिहिली असती तर मास्तरांच्या मर्जीवर राहिली नसती.

दुसरी बाब एस.टी.ची. शाळा अकराला भरली आणि दोनला सुटली. पण गाडी सकाळीं नवाला व संध्याकाळीं पांचाला असली, तर तीन तासांच्या शाळेसाठीं मुलीनें आठ तास बाहेर राहावें. त्यांत ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. संपवाल्या कामगारांना दोष देत नाहीं; तेही आपलेच भाऊ आहेत व त्यांचीं गाऱ्हाणीं खरीं होतीं. परंतु एका हातानें शाळा उघडावयाची आणि तेथें जावयास गाडी नाहीं, अशा वेळीं मुलांना नेण्याची दुसरी सोय कोणी पाहावयाची? मुलीच्या दप्तरांत अहिल्याबाई होळकरांच्या नांवाचा मोफत पास होता आणि रस्त्यावर गाडी नव्हती. पायीं जाणाऱ्या मुलग्याला घरचे जा म्हणाले. मुलीला म्हणाले, राहूं दे. त्या 'राहूं दे' मधूनच कित्येक मुलींचीं लग्नें उरकलीं, हें आपण सर्व जाणतों.

तिसरी बाब अन्नाची. शाळेंतली खिचडी बंद झाली व तिच्या जागीं तांदूळ आणि कडधान्य घरीं वाटलें. वाटलें तें बरें केलें. पण शाळेंत शिजलेलें अन्न मुलाच्या पोटांत जातें. घरीं आलेला तांदूळ सगळ्यांच्या ताटांत जातो, आणि तो जावा हेंही साहजिक आहे. अर्धी शाळा भरली तेव्हां जेवणाची सुट्टीच काढून टाकली होती. सकाळीं चहा पिऊन निघालेलें मूल उपाशीं बसून गणित कसें शिकणार?

चौथी बाब फोनची. उरलेले तास फोनवर शिका, असें सांगितलें. सुताराचा एकच फोन. तो त्याच्याबरोबर कामावर जातो, कारण गिऱ्हाईक त्यावरच बोलावतें. रात्रीं तो घरीं येईपर्यंत मुलाचे डोळे मिटलेले असतात. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं कार्यक्रम चांगला होता. पण त्यासाठीं घरांत दूरदर्शनचा संच आणि त्या वेळेला वीज पाहिजे. आणि फोन एकच असला तर तो कोणाच्या हातीं गेला? भावाच्या. बहिणीच्या हातीं शेणाची पाटी आली. हें सरकारनें केलें नाहीं. हें आपण केलें. त्याविषयीं पुढें बोलतों.

पांचवी बाब ऊसतोड्यांची. बीड जिल्ह्यांतलीं व आसपासचीं बिऱ्हाडें दिवाळीच्या सुमारास गाड्या जुंपून, ट्रॅक्टर भरून कारखान्याकडे निघतात आणि उन्हाळ्यांत परततात. नोव्हेंबर २०२० मध्यें शाळा उघडल्या, तेव्हां तीं मुलें आईबापांबरोबर फडांत होतीं. मूल गांवीं ठेवावें, तर एक दिवसाआड भरणाऱ्या शाळेच्या भरंवशावर त्याला कोणाजवळ ठेवणार? बरोबर न्यावें, तर फडावर शाळा नाहीं.

सहावी बाब सहीची. मूल वर्गांत बसविण्याआधीं पालकाचें लेखी संमतीपत्र मागितलें. संमती विचारणें योग्यच होतें. पण कित्येक आईबापांना तो कागद कोणी वाचून दाखविला नाहीं. अंगठा उठवतांना त्यांच्या मनांत एकच आलें, कीं पोराला कांहीं झालें तर दोष आपल्यावर. सावकाराच्या कागदावर अंगठे देऊन पोळलेले लोक आपण. म्हणून कित्येकांनीं अंगठा दिला नाहीं, आणि वरून ऐकून घेतलें कीं, या लोकांना शिक्षणाची आवडच नाहीं!

यावर कोणी म्हणेल, 'मग काय, माणसें मरत असतांना शाळा पुऱ्या भरवावयाच्या होत्या काय?' प्रश्न रास्त आहे. एप्रिल-मे २०२१ चे दिवस ज्यांनीं पाहिले ते रोगाला हलका म्हणणार नाहींत. घरांत म्हातारी आई असतांना पोराला शाळेंत धाडण्यास जो बाप भ्याला, त्याला मी भित्रा म्हणणार नाहीं. आणि मास्तरांनाही सरसकट दोष देऊं नका. त्यांतल्या कित्येकांना चेकनाक्यावर उभें केलें, घरोघर तपासणीला फिरविलें, आणि वर दोन पाळ्यांत वर्ग घ्यावयास सांगितले. साथींत शाळा कांहीं काळ बंद ठेवावी लागते, अर्धी उघडावी लागते, हें मला मान्य आहे. माझा आक्षेप क्रमावर आणि सोयीवर आहे. जुलै २०२१ मध्यें देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुख्य अधिकाऱ्यांनीं सांगितलें कीं, शाळा उघडावयाच्या झाल्या तर प्राथमिक शाळांपासून सुरुवात करणें शहाणपणाचें, कारण लहान मुलें हा रोग मोठ्यांपेक्षां चांगला सोसतात. आपल्याकडे उलट झालें. परीक्षेचीं मोठीं मुलें आधीं, आणि ज्यांना अक्षराची ओळखच व्हावयाची होती तीं सर्वांत शेवटीं. मोठें मूल पुस्तक घेऊन कांहीं तरी वाचील. ज्याला 'क' माहीत नाहीं तें एकटें काय वाचणार?

अर्धी शाळा ही गोष्ट आपल्या लोकांना नवीन नाहीं, हेंही ध्यानांत ठेवा. १९५३ सालीं मद्रास प्रांतांत राजगोपालाचारींच्या सरकारनें खेड्यांतल्या प्राथमिक शाळा तीन-तीन तासांच्या दोन पाळ्यांत भरविण्याची योजना काढली. उरलेल्या वेळांत मुलानें बापाचा धंदा शिकावा, असा तिचा बेत होता. तेथें रोगराई नव्हती. शाळा थोड्या व मुलें फार, हें कारण सांगितलें. पण कुंभाराच्या मुलानें कुंभारच व्हावें हा त्यांतला अर्थ लोकांनीं ओळखला, पेरियारांनीं व इतरांनीं रान उठविलें, आणि १९५४ सालीं कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना गेली. आपल्याकडे कोरोनांत कोणाचा तसा हेतु होता असें मी म्हणत नाहीं. पण हेतु नसला तरी फळ तेंच आलें: कारागिराचें पोर पुन्हां भात्यावर बसलें, आणि शेतकऱ्याची पोर बांधावर गेली.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडलें कीं, सरकारचा पैसा रयतेच्या घामाचा, आणि शिक्षण मात्र वरच्यांच्या वांट्याला. सावित्रीबाईंनीं १८९७ सालीं प्लेगच्या साथींत रोग्यांची शुश्रूषा करतांना देह ठेवला. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला. त्यांच्या तसबिरींना हार घालणाऱ्या आपण लोकांनीं अर्ध्या शाळेचा हिशेब न मागावा, हें शोभत नाहीं.

साथींतसुद्धां काम करणारांनीं काम केलेंच. सोलापुरांत नीलमनगरच्या कामगार वस्तींत घरांच्या भिंतींवर धडे व आकडे रंगविले, मुलें रस्त्यानें चालतां चालतां शिकलीं. डांडवळसारख्या आदिवासी गांवांत भोंग्यावरून धडे ऐकविले. ठिकठिकाणीं मास्तरांनीं व बाईंनीं ओट्यावर, देवळाच्या मंडपांत, झाडाखालीं पांच-पांच मुलें बसवून शिकविलें. म्हणजे फोनवांचून उरलेली अर्धी शाळा भरवितां येत होती. जें एका मास्तरानें आपल्या मनानें केलें, तें सर्वत्र हुकुमानें व खर्चानें व्हावयास हवें होतें.

तेव्हां मागावयाचें काय? पुन्हां साथ आली, पूर आला, कांहीं झालें, आणि शाळा अर्धी करणें भाग पडलें, तर सर्वांत लहान मुलें आधीं आणावीं. एका घरचीं मुलें एकाच पाळींत असावीं. पाळीचा कागद आठवडाभर आधीं चावडीवर लागावा. शाळेच्या वेळेला गाडी असावी. ज्या दिवशीं वर्ग, त्या दिवशीं शिजलेलें जेवण. बाकीच्या दिवशीं वस्तीवर वर्ग, फोनवर नव्हे. आणि संमतीचा कागद वाचून, समजावून मगच सही घ्यावी. जीं मुलें त्या दोन वर्षांत मागें पडलीं, त्यांना आज वाचतां येतें कीं नाहीं हें एकेकाला जवळ बसवून पाहावें, आणि येत नसेल तर वरच्या वर्गांत असलीं तरी अक्षरापासून शिकवावें.

हें मागणार कोण? येथें मी तुम्हांला दोन कडू शब्द बोलणार आहें. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत चारांपैकीं तीन सभासद पालक असावेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका असाव्यात, असें ठरविलें आहे. आपल्या गांवची ती समिती कोणाची आहे? बैठक केव्हां होते? आपल्यापैकीं कितीजणांना माहीत आहे? पारावर बसून शाळेला शिव्या घालणें सोपें. महिन्यांतून एकदां समितींत जाऊन बसणें जड जातें. जत्रेंतल्या बाजाला वर्गणी देतांना आपला हात आखडत नाहीं. मुलीला दुसरी वही घ्यावयाची म्हटली कीं पैसे नसतात. एक फोन होता तेव्हां तो मुलीला एक तास द्यावा, हें कोणत्या सरकारच्या हुकुमाची वाट पाहत होतें?

म्हणून आज घरीं गेल्यावर एवढें करा. जून २०२० मध्यें पहिली-दुसरींत असलेलें जें मूल घरांत किंवा शेजारीं असेल, त्याला जवळ बोलवा आणि आजचें वर्तमानपत्र त्याच्या हातीं द्या. आपणांस वाचतां येत नसेल तर वाचणारा शेजारी जवळ बसवा. मूल अडखळलें तर त्याला मारूं नका, तो त्याचा गुन्हा नव्हे. त्याचें नांव कागदावर लिहून घ्या, तशीं गांवांतलीं सर्व नांवें गोळा करा, आणि समितीच्या पुढच्या बैठकींत तो कागद टेबलावर ठेवून विचारा कीं, यांचें राहिलेलें अर्धें केव्हां देणार? बायकांनीं पुढें बसावें आणि बायकांनींच विचारावें. त्या सहा दिवसांचा हिशेब त्यांना जास्त पाठ आहे.