तळ्यांचे शहर, पुराचे पाणी आणि सभागृहातील आपली जागा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात आम्ही संस्थेचा अहवाल वाचतो, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करतो आणि देणगीदारांचे आभार मानतो. ते सर्व आजही होईल. परंतु त्याआधी एका अशा विषयावर बोलायचे आहे, ज्याबद्दल आपण चौकात, पानठेल्यावर, घरात खूप बोलतो, पण जिथे बोलायला हवे तिथे बोलत नाही. विषय आहे आपल्या नागपूर शहराचे पाणी आणि त्या पाण्यावर निर्णय घेणारी सभा.

बंधू-भगिनींनो, नागपूर हे संत्र्यांचे शहर म्हणून ओळखले जाते, पण ते तळ्यांचेही शहर आहे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, गांधीसागर, सक्करदरा, नाईक तलाव, लेंडी तलाव ही नावे आपल्या बोलण्यात रोज येतात. पश्चिमेकडील लाव्हा परिसराच्या उंचवट्यावरून येणारे पाणी अंबाझरीत जमते. तलाव भरला की सांडव्यावरून ते नाग नदीत उतरते. नदी शहराच्या मधोमध पूर्वेकडे वाहत जाते आणि पुढे पिवळी नदीला मिळून कन्हानकडे जाते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजीच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नागलोकांचा आणि या नदीचा उल्लेख केला होता. त्या नदीला आज आपण काय म्हणतो? 'नाला'. ज्या दिवशी आपण नदीला नाला म्हणू लागलो, त्या दिवसापासून तिच्यात कचरा टाकायला आणि तिच्या काठावर भिंत घालायला आपल्याला काही वाटेनासे झाले.

२२ सप्टेंबर २०२३ ची रात्र आपल्यापैकी कोणी विसरले असेल असे वाटत नाही. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि सुमारे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक कोसळला. अंबाझरी आधीच भरलेला होता. पाणी सांडव्यावरून सुटले आणि पहाटेपर्यंत अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, सीताबर्डी हा सगळा भाग पाण्याखाली गेला. मोरभवन बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. लष्कराची मदत घ्यावी लागली. मूकबधिर विद्यालयातील सुमारे सत्तर मुलांना बचाव पथकाने बाहेर काढले. ज्या मुलांना बाहेरचा आरडाओरडा ऐकू येत नाही, त्यांनी ती पहाट कशी काढली असेल याची कल्पना करून पाहा. शहरात किमान चार जणांचे प्राण गेले आणि सुमारे दहा हजार घरांचे नुकसान झाल्याचे शासनानेच सांगितले.

त्या रात्री बंगलेवाल्यांच्या गाड्या बुडाल्या, त्याच्या बातम्या झाल्या आणि त्यांचेही दुःख खरेच होते. परंतु त्याच पाण्याने पुढे नदीकाठच्या वस्त्यांमधील धान्याच्या कोठ्या, शिवणयंत्रे आणि ठेले नेले. आपल्या अभ्यासिकेत कमरेइतके पाणी होते. खालच्या दोन फळ्यांवरची स्पर्धा परीक्षेची पुस्तके लगदा झाली. बारावीच्या एका मुलाची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला पेटीत होते, ते त्याने नंतर आठ दिवस दोरीवर वाळत घातले. शिक्का पुसला गेला तो गेलाच. त्याला नवा दाखला मिळेपर्यंत प्रवेशाची एक फेरी निघून गेली.

शासनाने मदत जाहीर केली. बाधित कुटुंबाला दहा हजार रुपये, दुकानदारांना पन्नास हजारांपर्यंत, टपरीधारकांना दहा हजारांपर्यंत. ही मदत पंचनाम्यावर अवलंबून होती आणि पंचनामा कागदावर. आपल्या वस्तीत एकेका घरात तीन-तीन चुली आहेत, भाडेकरू आहेत, ज्यांच्या नावावर वीजबिलही नाही. कर्मचारी आले, त्यांनी घरमालकाचे नाव लिहिले आणि पुढे गेले. मागच्या खोलीतल्या विधवा आजीचे नाव यादीत आले नाही. आम्ही कार्यालयात चार खेपा घातल्या. तेथील उत्तर एकच होते, "यादी वर गेली." नगरसेवकांना भेटावे म्हटले, तर नगरसेवकच नव्हते.

मित्रांनो, येथेच आमच्या मुख्य मुद्द्याला सुरुवात होते. नागपूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेचे प्रश्न न्यायालयात अडकले आणि निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे जवळजवळ चार वर्षे या शहरात सर्वसाधारण सभा नव्हती, स्थायी समिती नव्हती, प्रश्नोत्तरे नव्हती. पूर आला तो याच काळात. प्रशासकाने आपल्या परीने काम केले असेल, त्यावर आम्ही टीका करत नाही. पण प्रशासकाला उभे राहून प्रश्न विचारणारे कोणी नव्हते आणि विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नोंदला जात नव्हता. सांडव्याजवळची बांधकामे, नदीवरचे कमी उंचीचे पूल, अरुंद झालेले पात्र या सर्व गोष्टींसाठी नागरिकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका घेऊन जावे लागले. जे सभागृहात सुटायला हवे होते, ते न्यायालयाच्या दारात गेले.

सभा नव्हती याचे दुःख आम्ही सांगत आहोत. पण एक प्रामाणिक प्रश्नही विचारला पाहिजे. सभा होती, तेव्हा आपण कुठे होतो? महालातील टाऊन हॉलमध्ये वर्षानुवर्षे सभा भरत होत्या. आमच्या कार्यकारिणीतील अकरा जणांपैकी एकानेही कधी तिथे जाऊन कामकाज पाहिले नव्हते. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तीन लाखांवरील शहरात प्रभाग समित्या असाव्यात असे तिने सांगितले. आपल्या राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे. आमच्या वस्तीत क्षेत्रसभा भरल्याचे आम्हाला आठवत नाही, आणि ती भरवा असे एकही पत्र आम्ही लिहिल्याचे संस्थेच्या जावक नोंदवहीत नाही. आपण नगरसेवकांना जयंतीच्या वर्गणीसाठी भेटलो, कमानीसाठी भेटलो. नदीचा गाळ केव्हा काढणार हे विचारायला भेटलो नाही.

सभेतील एका ठरावाने काय होते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार? महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यातील नगरपालिकेचा भाग आपण घाईने सोडून देतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले करण्याचा ठराव केला. पण कागदावरचा ठराव पाण्यापर्यंत पोचला नाही. तो पोचवण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. आणि पुढे? त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! यातून दोन धडे घ्यावेत. ठराव झाला म्हणून काम झाले असे नाही, त्याच्या मागे माणसे उभी राहावी लागतात. आणि सभेत आपली माणसे नसतील, तर झालेला ठरावही एका दिवसात पुसला जातो.

भगवान बुद्धांनीही वज्जींविषयी आनंदाला विचारलेला पहिला प्रश्न सैन्याचा नव्हता. ते वारंवार एकत्र जमतात का, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात का, हे त्यांनी विचारले. जोवर ते असे करतील तोवर त्यांची भरभराटच होईल, असे त्यांचे सांगणे होते.

आता एक गोष्ट सांगताना आम्हाला संकोच वाटतो, पण ती सांगितल्याशिवाय हे भाषण पूर्ण होणार नाही. पुरानंतर विद्यार्थ्यांनी वस्तीत फिरून पाणी कुठून आले, कुठे अडले याचा हातनकाशा काढला. त्या नकाशात एक जागा आपलीच निघाली. काही वर्षांपूर्वी संस्थेने मागच्या बाजूला आवारभिंत बांधली, ती नाल्याच्या वाटेत चार फूट पुढे सरकली होती. कार्यक्रमाला मंडप टाकायला जागा हवी, एवढाच हेतू होता. पण त्या रात्री पाणी त्या भिंतीला धडकून मागच्या सहा घरांत शिरले. दुसऱ्याच्या अतिक्रमणावर आम्ही निवेदने देत होतो आणि आमची भिंत आम्हाला दिसत नव्हती. सभासदांची बैठक झाली. वाद झाला, दोघांनी राजीनामे पुढे केले. "भिंतीला देणगी आम्ही दिली होती," असेही ऐकवले गेले. शेवटी मतदान होऊन भिंत मागे घेण्याचा निर्णय झाला आणि तरुणांनी श्रमदानाने ती पाडली. त्या सहा घरांतील एका ताईंनी त्या दिवशी सर्वांना चहा दिला. आमच्या दृष्टीने संस्थेच्या इतिहासातील तो मोठा कार्यक्रम होता, जरी त्याची कमान कुठे लागली नाही.

यापुढे काय करायचे, हे थोडक्यात सांगतो. प्रत्येक सर्वसाधारण सभेला संस्थेचे दोन प्रतिनिधी, त्यांपैकी एक विद्यार्थी आणि एक महिला, प्रेक्षक म्हणून जातील आणि तेथे काय झाले ते रविवारी वंदनेनंतर वाचून दाखवतील. सूचनाफलकावर लग्न-बारसे, निधनवार्ता आणि सत्काराच्या बातम्यांबरोबर वस्तीच्या कामाचा ठराव, त्याची तारीख आणि मंजूर रक्कम लिहिली जाईल. पावसाळ्यापूर्वी नदी व नाल्याची सफाई झाली की नाही, याची माहिती अधिकारात विचारणा केली जाईल. भाडेकरूंसह प्रत्येक चुलीची नोंद असलेली वही संस्था ठेवील, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी मागची खोली सुटणार नाही. आणि दाखले, गुणपत्रिका यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावरील कपाटात ठेवल्या जातील.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण स्पर्धा परीक्षेसाठी बाराव्या अनुसूचीतील अठरा विषय पाठ करता. परीक्षेनंतर ते विसरू नका. त्यांतच आपला रस्ता आहे, आपला पूल आहे, आपले पिण्याचे पाणी आहे. उद्या तुमच्यातील कोणी त्या खुर्चीवर अधिकारी म्हणून बसेल, कोणी सभागृहात सदस्य म्हणून बसेल. तेव्हा "यादी वर गेली" असे उत्तर तुमच्या तोंडून येऊ नये, एवढीच अपेक्षा.

भगिनींना एक विनंती. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये आपल्या राज्यात निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पाणी घरात शिरते तेव्हा पहिली धान्याकडे धावते ती बाईच. मग पाण्याच्या सभेत तिने मागे का बसावे?

पाऊस आपल्या हाती नाही. तलावाची पातळीही आपल्या हाती नाही. पण सभेला जाणे, प्रश्न विचारणे आणि स्वतःची भिंत मागे घेणे हे आपल्या हाती आहे. तेवढे आपण करू या. 

जयभीम! नमो बुद्धाय!