यंत्राचे दात
(स्वागताध्यक्षीय भाषण)

हैदराबादेतून व मराठवाड्यातून आलेल्या उद्योजक बंधुभगिनींनो,

चिक्कडपल्लीत आपलं मनःपूर्वक स्वागत! ‘फोर्कलिफ्टवर परिसंवाद, आणि तो या अरुंद गल्ल्यांत?’ असं मला एकानं विचारलं. म्हटलं, निझामाच्या काळात वसलेली आझमाबादची कारखान्यांची वसाहत इथून फार लांब नाही. आता आपली गोदामं मेडचल, पटानचेरूकडे सरकली. माल उचलायची विवंचना मात्र तीच राहिली.

पूर्वी निवड सोपी होती. 1963 पासून गोदरेजची फोर्कलिफ्ट होती, शिवाय व्होल्टासची. व्होल्टासचा तो व्यवसाय नंतर जर्मनीच्या किऑनकडे गेला. आज टोयोटा, एस (ACE) आणि चिनी कंपन्याही दारात उभ्या आहेत. कोण चांगलं, हे आजचे वक्ते सांगतील. मी फक्त माझी चूक सांगतो.

पहिलं यंत्र मी कोटेशनमधला सर्वांत खालचा आकडा बघून घेतलं. कंपनीचं नाव घेत नाही. विकायला काढलं, तेव्हा व्यापाऱ्यानं एकच विचारलं, “स्पेअर कुठं मिळतात?” मला सांगता येईना. तिथंच भाव पडला.

तेव्हापासून मी असा हिशेब करतो. समजा, एक यंत्र 12 लाखांना घेतलं आणि 10 हजार तास चालवून 5 लाखांना विकलं. दुसरं 9 लाखांना घेतलं, तेवढंच चालवलं, पण दीड लाखातच गेलं. पहिल्याचा तासाला 70 रुपये खर्च, दुसऱ्याचा 75. म्हणजे स्वस्त तेच महाग पडलं! यात डिझेल, दुरुस्ती आणि बंद पडलेले दिवस धरलेलेच नाहीत.

जुनं यंत्र घेणाऱ्यांनो, आपले वाडवडील बाजारात बैलाचे दात बघूनच इसार देत. यंत्राचे दात म्हणजे त्याचे काटे. टाचेशी जाडी 10 टक्के घटली, की काटा बदलायचा. अवर-मीटर मागं फिरवता येतं. झिजलेलं पोलाद परत भरून येत नाही.

शेवटच्या रांगेत काही ऑपरेटर बसले आहेत. त्यांना आग्रहानं बोलावलंय. दिवसभर यंत्रावर तेच असतात. जेवताना त्यांच्या शेजारी बसा, माहितीपत्रकात नसलेलं ऐकायला मिळेल.

गाड्या लावायला जागा कमी पडली, त्याबद्दल क्षमस्व. व्यवस्थेत उणं राहिलं तर ते माझं, जे जमलं ते कार्यकर्त्यांचं.