स्पेनला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

(१९९५ सालच्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी सप्टेंबरात मी, नवरा आणि मुलगी असे आम्ही तिघं स्पेनला जाऊन आलो. ग्रुपवर फोटो टाकले आणि फोन सुरू झाले. व्हिसा कसा केलास, शाकाहारी मिळतं का, चोऱ्या होतात का? 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' २०११ साली आला, तेव्हापासून आपल्यातल्या निम्म्यांना स्पेनला जायचंय. शेवटी संयोजक म्हणाले, एकदाच उभी राहा आणि सगळ्यांना सांगून टाक. मी टूरवाली नाही. आम्ही कुठे चुकलो आणि काय शिकलो, तेवढंच सांगते.

व्हिसाचं आधी उरकते. स्पेनला शेनगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते, म्हणून तारखा ठरल्या की पहिलं काम हेच.

आता पहिली गोष्ट, घड्याळाची. पहिल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आम्ही भुकेने कळवळून एका हॉटेलात शिरलो. टेबलं मांडलेली, माणूस एक नाही. वेटर म्हणाला, स्वयंपाकघर साडेआठला उघडेल. तिथे दुपारचं जेवण दोन ते चार आणि रात्रीचं नऊच्या पुढे. स्पेन नकाशात लंडनच्या खाली आहे, पण १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत त्यांनी घड्याळ एक तास पुढे करून बर्लिनशी जुळवलं आणि ते तसंच राहिलं. त्यामुळे सगळा दिवसच पुढे सरकलेला. लहान गावांत दुकानंही दुपारी दोन ते पाच बंद असतात. पुण्याच्या 'एक ते चार'ला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. उपाय सोपा आहे. दुपारी 'मेनू देल दिया' घ्यायचा. आपल्या थाळीसारखाच ठरलेल्या दरात दोन पदार्थ, पाव, गोड किंवा फळ आणि बहुतेक ठिकाणी एक पेय. संध्याकाळी छोट्या बशांमधले तापास खायचे आणि त्यांच्याबरोबर उशिरा जेवायचं.

दुसरी गोष्ट खाण्याची. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून चालत नाही. मी तसं सांगितलं तर सॅलडवर ट्यूना मासा आला. त्यांच्या हिशोबी ते मांस नव्हतं. म्हणून तीन शब्द पाठ करा : 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो'. मांस नको, डुकराचं हॅम नको, मासा नको. 'तोर्तिया' म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, त्यात अंडं असतंच. 'गास्पाचो' हे टोमॅटोचं थंड सार. त्याचाच भाऊ 'साल्मोरेखो', पण त्याच्यावर हॅम भुरभुरतात. बार्सिलोनाकडे 'एस्कालिवादा' मिळतं, भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची. भरीत समजून खा, फक्त फोडणी नाही. आणि परकं वाटायला लागलं तर आठवा, बटाटा, टोमॅटो, मिरची अमेरिकेतून आधी त्यांच्याकडे आणि शेजारच्या पोर्तुगालकडे गेली, मग आपल्याकडे आली. आपला 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दच पोर्तुगीज आहेत.

तिसरी गोष्ट तिकिटाची आणि पाकिटाची. ग्रानादाचा अल्हाम्ब्रा आणि बार्सिलोनाची साग्रादा फामिलिया ही दोन तिकिटं विमानाच्या तिकिटापाठोपाठ काढा. अल्हाम्ब्राच्या तिकिटावर तुमचं नाव असतं, पासपोर्ट जवळ लागतो आणि आतल्या नासरी महालांची वेळ ठरलेली असते. ती चुकली की महाल राहिला. पाकिटाचं म्हणाल, तर वीस वर्षं ठाकुर्लीहून स्लो लोकल पकडणारा माझा नवरा. त्याचं पाकीट एका मेट्रो स्थानकात गेलं. इथे गर्दीत हात आपोआप खिशावर जातो, तिथे आपण वर बघत चालतो. पासपोर्ट आणि एक कार्ड वेगळं ठेवा. मदतीचा क्रमांक ११२.

चौथी गोष्ट जरा वेगळी आहे आणि खरं तर तिच्यासाठीच मी उभी आहे.

आपल्यासारखे थर स्पेनमध्येही लावतात. कातालोनिया प्रांतात, वाल्स नावाच्या गावातून, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून. त्याला 'कास्तेल', म्हणजे किल्ला म्हणतात. २०१०मध्ये युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं. जय जवान पथकाने १० ऑगस्ट २०१२ला ठाण्यात नऊ थर लावून गिनीजमध्ये नोंद केली, तेव्हा मोडलेला विक्रम १९८१चा आणि स्पेनचाच होता. बघायचं असेल तर २४ सप्टेंबरच्या सुमारास बार्सिलोनाच्या मेर्से उत्सवात जा, किंवा ३० ऑगस्टला विलाफ्रांका गावी. सम वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला तारागोनाला मोठी स्पर्धाही असते.

आम्ही मेर्सेला होतो. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. तळाला शेकडो माणसं एकमेकांना चिकटून उभी होती. त्याला 'पिन्या' म्हणतात. वरचा पडलाच तर या माणसांवर पडतो. २००६ साली पडून एक मुलगी दगावली, त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. सनईसारखं एक वाद्य सुरू झालं आणि थर चढले. सगळ्यात वर एक चिमुरडी गेली आणि तिने हात वर केला. टाळ्या पडल्या. मी फोन पर्समध्ये टाकून वळले, तर शेजारच्या आजींनी माझा दंड धरला. 'एस्पेरा.' थांब.

मग कळलं. नुसता चढवलेला किल्ला अर्धा मानतात. सगळे सुखरूप खाली आले तरच पूर्ण. ती सनई शेवटचा माणूस उतरेपर्यंत वाजत राहते.

मला तिथे १९९३ची गोकुळाष्टमी आठवली. चोळेगावातली हंडी. आपण नववीत होतो. आपल्या वर्गातला सगळ्यात हलका मुलगा वर होता. त्याने हंडी फोडली, बँड वाजायला लागला, आपण नाचलो, दह्याचे तुकडे गोळा केले. तो अजून वरच होता आणि खालचे थर मोडायला लागले होते. मी तेव्हा घराकडे वळलेसुद्धा होते. दुसऱ्या दिवशी वर्गात समजलं की त्याची मांडी मोडली. दोन ऑपरेशनं झाली, नववी परत करावी लागली. तो १९९६ला दहावी झाला. आपल्यापैकी किती जण त्याला बघायला गेलो? मी गेले नाही.

त्या रात्री बार्सिलोनाहून मी त्याला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. किल्ल्याचं सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, "म्हणजे आपला थर त्यांनी अर्धाच धरला असता." तो आज मागच्या रांगेत बसला आहे. ही गोष्ट सांगू का, असं मी त्याला आधी विचारलंय. नाव घेऊ नकोस, एवढंच तो म्हणाला.

नाव मी घेत नाही. पण स्मरणिकेच्या शेवटी आपल्या बॅचची जी यादी छापणार आहोत, तिच्या कच्च्या प्रतीत त्याचं नाव नाही, कारण यादी दहावीच्या निकालावरून केली आहे. पहिलीपासून नववीपर्यंत तो आपल्याच बाकावर होता. संयोजकांना आणि सर-बाईंना माझी विनंती आहे, त्याचं नाव त्या यादीत घाला.

स्पेनला जाल तेव्हा थर लागताना जरूर बघा. टाळ्या वाजल्या की निघू नका, सगळे उतरेपर्यंत थांबा. व्हिसाचे बाकीचे प्रश्न जेवताना विचारा. इथे नऊ वाजेपर्यंत थांबायचं नाहीये, पानं मांडली आहेत.