शांतिपरिषदेचे यजमानपण



मठाच्या वर्धापनप्रसंगी जगाच्या शांततेविषयी बोलावे, ही आज्ञा मी शिरसावंद्य मानली आहे. हा विषय कोसाडपासून दूरचा समजण्याचे कारण नाही. १ एप्रिल १९३० रोजी दांडीयात्रा सुरतेस पोहोचली, ती तापीच्या या उत्तरेकडील बाजूनेच, छापराभाठ्यावरून.

त्या यात्रेच्या प्रवर्तकाशी जगातील युद्धविरोधी मंडळींचा विचारविनिमय व्हावा, म्हणून पुढे एक परिषद योजिली गेली. परंतु ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. ज्यांच्याकडे पाहुणे यावयाचे ते यजमानच उरले नाहीत! तरीही डिसेंबर १९४९ मध्ये परिषद भरली. प्रथम शांतिनिकेतनात व नंतर वर्ध्याजवळील सेवाग्रामात. ३०हून अधिक देशांतील प्रतिनिधी आले. इंग्लंडहून लेखिका व्हेरा ब्रिटन आल्या. जर्मनी व जपान येथूनही माणसे आली. चार वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांची राष्ट्रे परस्परांशी लढत होती, ती मातीच्या भिंतींच्या त्या आश्रमात एकत्र बसली. तेथील भाषणांपेक्षा हे बसणेच मला मोठे वाटते. ठराव काय, सर्वच परिषदा करतात.

सुरतेतही १५ ऑक्टोबर २००३ रोजी आचार्य महाप्रज्ञ व तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या उपस्थितीत निरनिराळ्या धर्मांच्या प्रमुखांनी आध्यात्मिक घोषणापत्र स्वीकारले. २००२ च्या दंगलींच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या. एकमेकांच्या सणांत सहभागी व्हावे, असे त्यात सांगितले आहे. वाचावयास सोपे, आचरावयास मात्र आपलाच उंबरठा ओलांडावा लागतो.

एकनाथ महाराजांना आपण शांतिब्रह्म म्हणतो. अंगावर थुंकणाऱ्या माणसावर न रागावता ते पुनःपुन्हा गोदास्नानास गेले, ही कथा ऐकताना आपले डोळे पाणावतात. आणि घरी परतल्यावर भावकीतला अबोला तसाच चालू राहतो.

म्हणून व्यवस्थापक मंडळींस माझी एक विनंती आहे. महाप्रसादाचे निमंत्रण यंदा केवळ फलकावर लिहून थांबू नये. ज्या घरांशी आपले जाणेयेणे तुटले आहे, मग ते सख्ख्या भावाचे असो वा अन्यधर्मीय शेजाऱ्याचे, तेथे दोघांनी समक्ष जावे. नकार मिळाल्यास पुढील वर्षी पुन्हा जावे. पहिल्या घरी आपल्याबरोबर मी येतो.