पान कापणारी माशी



बिडी कामगारांत आयुष्य घालविलेल्या माणसाने माशीवर बोलावे, हे ऐकून काही मंडळी हसली. पण विषय आम्हांला परका नाही. नगर-संगमनेरच्या आमच्या भगिनी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने टेंभुर्णीचे पान कापतात. ही माशी साच्यावाचून कापते. गुलाबाच्या पानाच्या कडेवर बसायचे, जबड्याने गोलाकार काप घ्यायचा, तुकडा पोटाशी धरून उडायचे. लांबट तुकडे खोलीच्या भिंतींना, गोल तुकडे झाकणाला. बिडी वाकडी झाली तर ती छाटात जाते आणि मजुरी बुडते. हिच्या कामावर छाट काढणारा कोणी नाही!

पानाला असा काप दिसला, की लोक औषधाचा पंप काढतात. पण ती पान खात नाही. बोरूच्या पोकळीत किंवा लाकडाच्या जुन्या भोकात ती पानांची खोली करते, पराग व मकरंद यांचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालून झाकण लावते आणि पुढची खोली धरते. राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी घरची धनीण आणि मजूरही. हिची युनियन कशी बांधावी, हे आम्हांला अजून सुचलेले नाही.

ओळखावी कशी? पोळ्यातली मधमाशी पराग मागच्या पायांवर आणते. ही पोटाखालच्या दाट केसांवर. मात्र तेवढ्यावर जात ठरवू नये. हिच्या मेगाकाइल या प्रजातीत जगभर हजाराहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या काही पानांऐवजी चिखल किंवा डिंक वापरतात. बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्याने 1897 साली हिंदुस्थानातील माशांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. अशा ग्रंथावरून जात ठरवायची, तर भिंगाखाली जबड्याचे दात आणि केसांचा रंग पाहावा लागतो. नुसत्या कापलेल्या पानावरून जात कळत नाही.

लसूणघासाच्या फुलातली दांडी दडपलेली असते; माशी बसताच ती उसळून तिच्या तोंडावर आदळते. मधमाशी शहाणी होते आणि बाजूने मकरंद चोरते. पानकापी मात्र खुशाल टोले खाते. म्हणून अमेरिकेत व कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी हिची एक जात मुद्दाम पाळतात. आपल्याकडे तुरीच्या फुलांवर हिच्या भगिनी येतात. तेव्हा तूर फुलावर असताना भर दिवसा फवारा मारू नये.

आम्ही एक उभे चिरलेले बोरूचे कांडे आणले आहे. ते टेबलावर ठेवतो. व्याख्यानानंतर जवळ येऊन पाहावे, बोटांनी मात्र दाबू नये.