कोण आणि कोन



सोनोलॉजिस्टांच्या या व्यासपीठावर अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. आज बोलणारही मानेबद्दलच आहे.

मध्यंतरी सत्तरीच्या एक आजी आमच्या टेबलावर झोपता झोपता म्हणाल्या, "डॉक्टर, या वयात कसली हो सोनोग्राफी? लोक काय म्हणतील!" आपल्याकडे सोनोग्राफी म्हणजे पोटातलं बाळ, हे समीकरणच पक्कं. मी त्यांची उशी काढली, हनुवटी वर करून मान जराशी डावीकडे वळवली. मंगळसूत्र काढायला त्या तयार नव्हत्या. टिश्यू पेपरात गुंडाळून ते खांद्यामागे सरकवलं. चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'चक्कर'. जेल लावताना सहज विचारलं तर म्हणाल्या, "चक्कर नाही हो, उजव्या डोळ्यापुढं पडदा आला होता. पाच मिनिटांत गेला. झाले की तीन आठवडे."

प्रोब उजव्या कॅरोटिडवर गळ्याच्या हाडापासून वर नेला. जिथे ती दुभंगते, तिथे कृष्णधवल चित्रात फारसं काही दिसेना. कलर लावला, तर रंग एका कडेनं अंग चोरून चाललेला. चुन्याचा प्लाक चमकतो, मागे सावली टाकतो, लपत नाही. चरबी किंवा रक्तस्राव पोटात घेतलेला मऊ प्लाक मात्र रक्ताच्याच काळोखात मिसळतो, आणि सहसा तोच जास्त घातकी. कानापुढे बोटानं टकटक केलं. आलेखात दाते उमटले नाहीत. म्हणजे ही बाहेरची शाखा नव्हती, मेंदूकडे जाणारीच होती. वेग भरला २९० सेंटिमीटर प्रतिसेकंद.

आजींना त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. मग आमची अपॉइंटमेंटची वही उघडली. चिठ्ठी तीन आठवड्यांपूर्वीच आली होती. त्यांच्या आधी कोण होतं? हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधली, कसलाही त्रास नसलेली, चाळिशीची धडधाकट मंडळी.

म्हणून पहिला प्रश्न 'कोण'. लक्षणं आलेल्या आणि ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेल्या कॅरोटिडचा हिशेब उत्तर अमेरिकेतल्या नॅसेट अभ्यासानं १९९१ मध्येच मांडला: दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात नुसत्या औषधांवर २६ टक्क्यांना, शस्त्रक्रियेनंतर ९ टक्क्यांना. पुढे हेही कळलं, की हा फायदा लक्षणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. आमच्या वहीनं आजींचे ते दोन आठवडे खाल्ले. उलट, लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण प्रौढांची अशी सरसकट तपासणी करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यगटानं २०१४ मध्ये दिला आणि २०२१ मध्ये पुन्हा दिला. कारण साधं आहे: खरा गंभीर अडथळा थोड्यांनाच सापडतो, खोटी घंटा मात्र अनेकांच्या घरी वाजते, आणि त्यापायी केलेल्या शस्त्रक्रियेतही पक्षाघाताचा धोका असतोच.

दुसरा प्रश्न 'कोन'. इथली चूक माझी स्वतःची. पुष्कळ वर्षांपूर्वी एका निवृत्त गुरुजींच्या रिपोर्टात मी 'गंभीर अडथळा' असं लिहिलं. दुसरीकडे पुन्हा तपासणी झाली, तर अडथळा मध्यमच निघाला. माझा कर्सर ७० अंशांवर होता, खरा कोन ६० चा. गणित मांडून पाहा: १६० चा वेग अशा वेळी २३४ दिसतो. २००२ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सहमती बैठकीनं ७० टक्क्यांची सीमा २३० सेंटिमीटर प्रतिसेकंदाच्या वर ठेवली आहे. म्हणजे रक्त होतं तसंच वाहत होतं, माझ्या दहा अंशांनी गुरुजींना सीमेपलीकडे ढकललं. त्या घरात तीन रात्री कोणी झोपलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. कर्सर वाहिनीच्या भिंतीला समांतर, कोन ६० किंवा त्याहून कमी, हे आपण सगळे पाठ म्हणतो. दुपारी दोन वाजता, बाहेर वीस पेशंट ताटकळत असताना ते पाळतो का, एवढंच विचारतो.

मित्रहो, मशीन नवं घ्यायला कर्ज लागतं. मी मागतोय त्याला लागत नाही. पडदा आला, हात लुळा पडला, जीभ अडखळली, असं सांगणारा पेशंट त्याच दिवशी टेबलावर घ्या. फोन उचलणाऱ्या मुलीला ही तीन वाक्यं शिकवा. चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, तिनं ती स्वतः विचारावीत. आणि रिपोर्टात वेगाशेजारी कोनही लिहा, म्हणजे पुढच्याला आपली चूक धरता येईल.

आमच्या वहीत आता पहिल्या पानावर लाल शाईनं एकच शब्द आहे: 'पडदा'. आजींनी दिलेला.