इग्वानाची पेटी: नकाशा परदेशी, उन्हाळा आपला

मी बडोद्याचा. माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. वॉर्डरोब, किचन कॅबिनेट, देव्हारे ही आमची रोजची कामं. गेल्या काही वर्षांत मात्र अधूनमधून एक वेगळंच गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, ‘इग्वानासाठी पेटी करून द्याल का?’ म्हणायला पेटी, पण आत राहणार पाच-सहा फुटांचं, मुळात झाडावर राहणारं आणि उन्हावर जगणारं जनावर. त्या पेटीबद्दलच आज बोलायचंय.

पण प्लाय आणण्याआधी कागद. आपली घोरपड, आपला अजगर, आपलं तारा कासव ही घरात ठेवायची जनावरं नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्ह्यात बसतं. हिरवा इग्वाना मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतचा, परदेशी. पण तो आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ करारातल्या यादीत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी आपल्याकडे सक्तीची झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे नियम आले. नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. जनावर दुसऱ्याला दिलं किंवा मेलं तरी तेही कळवावं लागतं. मी कागद पाहिल्याशिवाय माप घ्यायला जात नाही. गिऱ्हाइकं रागावतात, रागावू देत.

आता माप. विकणारा तुम्हाला वीतभर पिल्लू दाखवतो. तीनेक वर्षांत त्याचा नर शेपटीसकट पाच फुटांच्या पुढे जातो, वजन चार-पाच किलो होतं, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. म्हणून पिल्लाच्या मापाची पेटी करून दरवर्षी मोठी करत जाऊ, हा हिशोब महागात पडतो. पूर्ण वाढीला मी कमीत कमी सहा फूट रुंद, सहा फूट उंच आणि तीन फूट खोल धरतो. उंचीवर तडजोड नको. हे जनावर उंचावर बसलं की निवांत असतं. तुमच्या गुडघ्याच्या पातळीला ठेवलंत तर आयुष्यभर बिचकत राहील. आणि एका पेटीत एकच. दोन नर ठेवलेत तर पेटीऐवजी आखाडा होईल.

सहा-सहा-तीनचा हा खोका जोडून झाल्यावर घराच्या दारातून जात नाही. लिफ्टमध्ये तर नाहीच. एकोणीस एमएमची आठ बाय चारची एक शीट साधारण चाळीस किलोची, आणि इथे जवळजवळ चार शीट लागतात. म्हणजे दीडशे किलोचं धूड. म्हणून आम्ही पाठ, बाजू, छत, तळ वेगवेगळे करून नट-बोल्टने जोडतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर असंच करावं. बदली होऊन इंदूरहून हैदराबादला गेलात, तर पेटी टेम्पोत आडवी झोपून जाते.

प्लाय बीडब्ल्यूपी घ्यायची, शिक्का आयएस ७१० चा. साधी कमर्शियल प्लाय इथे टिकत नाही, कारण आत रोज पाणी फवारलं जातं आणि हे महाशय बहुतेक वेळा पाण्याच्या टबातच शौच करतात. आतून सनमायका, सगळ्या कोपऱ्यांत सिलिकॉन, आणि कापलेल्या कडांना पॉलियुरेथेनचे दोन हात. पाणी शिरतं ते कडेतूनच. मग पेटी उघडी टाकून द्यायची. वास पूर्ण गेल्याशिवाय जनावर आत नाही, मग दोन आठवडे लागोत. पुढे सरकत्या टफन्ड काचा. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तेव्हा चॅनेल बसवल्यावरच माप द्या. काचेच्या खालच्या सहा इंचांना आतून दुधी पट्टी लावा, नाहीतर पलीकडे जायला मिळेल या आशेने तो नाक घासून घासून रक्त काढतो. मच्छरजाळी कुठेच नको, नखं अडकून उपटतात.

इथवरचं कुठल्याही व्हिडिओत सापडेल. खरी गडबड पुढे आहे. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे इंग्लंड-जर्मनीसारख्या थंड देशांतले. तिथे घर गार असतं, म्हणून पेटी चहूबाजूंनी बंद, उष्णता आत कोंडून ठेवणारी. तोच नकाशा बडोद्यात किंवा नागपुरात मे महिन्यात वापरलात तर पेटीची भट्टी होते. इग्वानाला बसायच्या जागी ३५ ते ३८ अंश लागतात हे खरं, पण दुसऱ्या टोकाला २६-२७ ची जागा हवीच, म्हणजे तापलं की तो तिकडे सरकेल. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता कमी करायला जागा बदलणं हाच त्याच्याकडचा मुख्य उपाय. खोलीच ४१ अंशांवर असेल तर सरकणार कुठे?

म्हणून मी गार टोकाला तळाजवळ एक लांब झरोका ठेवतो आणि तापलेल्या टोकाला छताजवळ दुसरा. गरम हवा वरून निघते, खालून ताजी येते. उन्हाळ्यात वरच्या झरोक्याला कॉम्प्युटरचा छोटा पंखा. पण पंखा खोलीचीच हवा ओढतो, तेव्हा खोली निवडताना पश्चिमेची भिंत आणि गच्चीखालची खोली टाळा. कोरड्या भागात डेझर्ट कूलर खोलीत लावला तर गारवाही मिळतो आणि ओलावाही. इग्वानाला सत्तर टक्क्यांच्या आसपास दमट हवा लागते, ती इंदूरच्या एप्रिलमध्ये नुसत्या फवाऱ्याने होत नाही. मुंबई-गोव्याकडे पावसाळ्यात याच्या उलट: तिथे फवारा बंद, झरोके मोठे, नाहीतर बुरशी.

थंडीचं म्हणाल तर जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान खात्याने लोकांना इशारा दिला होता की झाडांवरून इग्वाना पडू शकतात. पारा चार-पाच अंशांवर गेला की ते ताठरतात आणि फांदीवरची पकड सुटते. दिल्लीत थंडीच्या रात्री तेवढ्या सहज उतरतात, आणि बडोद्याची बारा अंशांची रात्रही त्याला जड जाते. रात्री २२-२३ च्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी सिरॅमिक हीटर, ज्यातून उजेड येत नाही, आणि तो थर्मोस्टॅटवर. होल्डर चिनी मातीचा; प्लॅस्टिकचा वितळतो. दिव्याभोवती लोखंडी पिंजरा, कारण तो दिव्याला चिकटून बसतो आणि कातडी भाजेपर्यंत हलत नाही. बाजारात मिळणारे तापणारे दगडही याच कारणासाठी नकोत. आणि जिथे पाणी फवारायचं तिथल्या लाइनला आरसीसीबी हवाच. विजेचा खर्च धरून चाला: दीडशे वॉटचा दिवा आणि चौपन्न वॉटची ट्यूब बारा तास म्हणजे रोजचे अडीच युनिट, थंडीत त्यावर एखादा.

ती चौपन्न वॉटची ट्यूब म्हणजे यूव्हीबी. तिच्याबद्दल थोडं सावकाश सांगतो. माझ्याकडे बेंगळुरूहून एका कुटुंबाने चौकशी केली होती. त्यांचा इग्वाना दोन वर्षांचा, काचेच्या टाकीत, टाकी खिडकीशी. रोज ऊन मिळतं, असं ते मनापासून सांगत होते. व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर खालचा जबडा सुजल्यासारखा आणि मागचे पाय थरथरत होते. मी काही डॉक्टर नाही. त्यांना म्हटलं, पेटीचं नंतर बघू, आधी सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट गाठा. निदान झालं ते हाडं मऊ होण्याचं. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, आणि त्याशिवाय अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही. मग खाण्यात कॅल्शियम असलं तरी लागू पडत नाही. शरीर ते हाडांतून काढून घेतं. जनावर वाचलं. पाठीचा कणा वाकला तो वाकलाच.

तर ट्यूब लांब टी-५ ची, रिफ्लेक्टरसकट, पेटीच्या आत, बसायच्या फळीपासून एक ते दीड फुटावर. मध्ये काच नको. जाळीनेही बरंच अडतं. डोळ्यांना दिसणारा उजेड तसाच राहतो, पण यूव्हीबी उतरत जातं, म्हणून वर्षाने बदलायची. बॉक्सवर तारीख लिहून ठेवा. पाणी शुद्ध करायच्या यूव्ही ट्यूबा स्वस्त मिळतात. त्या चुकूनही लावू नका. ते यूव्हीसी असतं, त्याचे डोळे जातील आणि तुमचेही.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट फुकट आहे, ऊन. बाल्कनीत वेल्डमेशचा एक छोटा पिंजरा करा, अर्धा सावलीत. सकाळचा अर्धा-पाऊण तास पुरे. कावळे, मांजरं, माकडं आहेत, तेव्हा वरूनही जाळी आणि कडीला कुलूप. काचेची टाकी उन्हात ठेवायची नाही, दहा मिनिटंसुद्धा नाही.

फळीबद्दल एकच: दिव्याखाली गोल फांदी नको, पोट टेकेल अशी रुंद फळी द्या. आणि टब धुवायला स्वयंपाकघराचं सिंक वापरू नका. या जनावरांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, घरात लहान मूल असेल तर जास्तच जपा. हात साबणाने.

पेटी उभी राहिली की आठवडाभर रिकामी चालवा. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, तीन वेळा फळीवरचं आणि गार टोकाचं तापमान वहीत लिहा. एक रात्र मुद्दाम मेन बंद करून बघा, किती वेळात किती अंश उतरतात. तासाभरात २० च्या खाली जात असेल तर हीटर इन्व्हर्टरवर घ्यावा लागेल, आणि तसं असेल तर इलेक्ट्रिशियन जनावराच्या आधी बोलवा. ती वही मला पाठवलीत तर झरोका कुठे वाढवायचा ते मी फोनवरसुद्धा सांगतो.

आता प्रश्न घेऊ. प्लायचा भाव विचारू नका, तो संध्याकाळपर्यंत बदललेला असतो.